जुनं मशीन घेताना

होडीच्या मागं लावायचं जुनं मशीन कसं पारखावं, हा काही कवी माणसानं बोलायचा विषय नव्हे, असं आपल्यापैकी काही श्रोते म्हणतील. पण मी ज्या गावचा आहे ते गाव दाभोळच्या खाडीवर आहे. आमच्याकडे लग्नाची वऱ्हाडं होडीनं गेली, बाळंतिणी होडीनं दवाखान्यात गेल्या आणि काही वेळा जनाजाही होडीतूनच पलीकडच्या काठाला गेला. तेव्हा होडीबद्दल दोन शब्द बोलायला मला कुणाची परवानगी लागू नये.

यंदा निमित्त झालं माझ्या भाच्याचं. अकरा वर्षं कुवेतला काढून तो परत आला. आता इथंच राहायचं, खाडीत जाळी टाकायची, असं त्याच्या मनानं घेतलं. सतरा फुटांची फायबरची होडी त्यानं घेतली, आणि मशीनसाठी हातात उरले साठ हजार. एवढ्यात नवं मशीन येत नाही. तो म्हणाला, "मामू, मशीनचं तुम्हीच बघा." म्हणजे खरं तर आमच्या शेजारच्या चाचांनी बघावं. चाचांनी आखातात टगबोटींच्या इंजिनखोलीत बावीस वर्षं काढलेली आहेत. पण त्यांना घरातून बाहेर काढायचं तर कुणीतरी रिकामटेकडा माणूस सोबत लागतो. गावात तसा मी एकटाच.

ज्यांना हे मशीन माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. हर्णै किंवा मिरकरवाड्याला तुम्ही मोठे ट्रॉलर पाहिले असतील. त्यांची डिझेल इंजिनं बोटीच्या पोटात असतात. लहान होडीचं मशीन मात्र मागच्या फळीला बाहेरून अडकवतात, दोन पेचांनी आवळतात. वर इंजिन, मधे उभा दांडा, खाली पाण्यात पंखा. काम झालं की काढून खांद्यावर घेऊन घरी. यातली जुनी जात टू-स्ट्रोक. जुन्या बजाजच्या स्कूटरसारखी, पेट्रोलमध्येच तेल मिसळायचं. इंजिनाच्या पोटात तेलाची वेगळी टाकी नाही. पेट्रोलबरोबर जे तेल आत जाईल तेवढंच त्याच्या बेअरिंगला आणि पिस्टनला मिळणार.

नव्या फोर-स्ट्रोकला हे मिसळणं लागत नाही, ते पेट्रोल कमी पितं, धूरही कमी करतं. मग टू-स्ट्रोक का? वजनासाठी. पंधरा घोड्यांचं टू-स्ट्रोक साधारण छत्तीस-सदतीस किलो भरतं आणि तेवढ्याच ताकदीचं फोर-स्ट्रोक पन्नाशीच्या घरात जातं. कागदावर हा फरक लहान दिसतो. ओहोटीला होडी चिखलात बसलेली आहे, गुडघाभर रेंद्यातून मशीन उचलून बांधावर आणायचं आहे आणि माणूस एकटा आहे, अशा वेळी ते तेरा-चौदा किलो फार मोठे होतात. शिवाय टू-स्ट्रोकच्या आत भाग कमी. पाना, प्लग आणि थोडी अक्कल एवढ्यावर ते होडीतल्या होडीत पुन्हा सुरू करता येतं.

या मशीनच्या जन्माची एक गोष्ट सांगितली जाते. ओले एव्हिनरूड नावाचा नॉर्वेत जन्मलेला एक कारागीर अमेरिकेत मिलवॉकीला राहत होता. उन्हाळ्याच्या दिवसांत प्रेयसीला आइस्क्रीम हवं म्हणून तो तळ्यातून होडी वल्हवत गेला, आणि परत येईपर्यंत आइस्क्रीमचं पाणी झालं. त्यातून त्याला ही कल्पना सुचली म्हणतात. गोष्ट खरी असो की रचलेली, त्यानं १९०९ साली ही मशीनं विकायला सुरुवात केली हे खरं. त्याच्या आधीही एकदोघांनी असा प्रयत्न केला होता, पण नाव झालं याचं. त्या प्रेयसीचं नाव बेस. पुढं ती त्याची बायको झाली आणि धंद्याची हिशेबवहीही तीच सांभाळायची. 'वल्ही फेकून द्या' अशा अर्थाची जाहिरात तिनंच लिहिली होती. जाहिरात म्हणून झकास! पण आमच्या खाडीत कुणी वल्ही फेकून देऊ नयेत. का, ते पुढं येईलच.

त्याच एव्हिनरूडच्या नावाची मशीनं २०२० साली बनायची बंद झाली. त्याआधी २००० साली त्यांची मूळ कंपनी दिवाळखोरीत गेली होती, आणि तिच्याबरोबर जॉन्सन हे आपल्याकडच्या जुन्या खलाशांच्या तोंडचं नावही हळूहळू मावळलं. अमेरिका आणि युरोपात धुराचे नियम कडक झाले. २००६ च्या पुढं तिथल्या दुकानांतून साध्या कार्बोरेटरची टू-स्ट्रोक मशीनं दिसेनाशी होत गेली. हा इतिहास मी हौसेनं सांगत नाही. जुन्या मशीनच्या बाजारात उभं राहिलं की समोर जी मशीनं मांडलेली असतात त्यांतली कितीतरी पोरकी असतात. दिसायला धडधाकट, पण पंपाचं वीतभर रबर फाटलं तर ते मिळवायला मुंबई गाठावी लागते, आणि तिथं मिळेलच असंही नाही.

म्हणून चाचांचा पहिला प्रश्न मशीनबद्दलचा नव्हताच. गेल्या गेल्या ते सुट्या भागांच्या दुकानात शिरले आणि विचारलं, "कुठल्या मशीनचा पाण्याचा पंप, कुठल्या मशीनचे सील तुमच्याकडे कायम असतात?" दुकानदारानं दोन नावं सांगितली. चाचा भाच्याकडे वळले. "आता या दोघांतलंच बघायचं. तिसरं कुणी फुकट दिलं तरी नको." कुठली कंपनी चांगली यावर आमच्या कट्ट्यावर पहाटेपर्यंत वाद चालतो. यामाहा की सुझुकी, म्हणजे जणू घराण्यांची गायकी. चाचांच्या लेखी ज्याचा भाग अर्ध्या दिवसात हातात येतो तेच चांगलं. मला हे पटलं. हंगामात एक आठवडा मशीन बंद म्हणजे घरात एक आठवडा पैसा नाही, हे साधं गणित आहे.

दुसरा मुद्दा ताकदीचा. भाच्याला रत्नागिरीच्या बाजूला एक चाळीस घोड्यांचं मशीन दिसलं होतं. चकाचक रंगवलेलं, आणि किंमत त्याच्या साठात बसणारी. तरण्या माणसाचं मन तिथंच अडकायचं. चाचांनी त्याला खाली बसवून हिशेब घातला. त्याची होडी जड, बुडाला गोलसर, जाळी भरली की पाण्यात खोल बसणारी. अशी होडी पाण्याला ढकलत चालते, पाण्यावर उडत नाही. तिचा वेग लांबीनं ठरतो. सतरा फुटांच्या होडीला ताशी दहा किलोमीटरच्या आसपास एक अदृश्य भिंत असते. तिच्यापुढं कितीही घोडे जुंपले तरी मागचा भाग खाली बसतो, नाळ वर उठते आणि पेट्रोल जळत राहतं. चाळीसचं मशीन पूर्ण पळवलं तर तासाला पंधरा-सोळा लिटर सहज पितं. पंधराचं सहा-सात. शंभर रुपयांच्या वरचं पेट्रोल खाडीत ओतून बोयरं आणि कोळंबी आणायची, तर घरात काय यायचं? वर चाळीसच्या मशीनचं वजन सत्तर किलोंच्या पुढं. ते मागच्या फळीनं पेलायला हवं आणि भाच्याच्या पाठीनंही.

तिसरी गोष्ट दांड्याच्या लांबीची, जी पुष्कळ जण विसरतात. दांडे मुख्यतः दोन मापांचे येतात, पंधरा इंची आणि वीस इंची. होडीची मागची फळी तेवढीच उंच असावी लागते. पंख्याच्या वर एक आडवी पट्टी असते, ती होडीच्या बुडाच्या पातळीला किंवा बोटभर खाली यायला हवी. दांडा आखूड पडला तर लाटेवर पंखा हवा खातो, मशीन किंचाळतं आणि होडी जागची हलत नाही. लांब झाला तर उथळ पाण्यात पंखा रेतीत. तेव्हा मशीन बघायला जाताना खिशात टेप हवी. भाच्याची फळी आम्ही घरी मोजूनच निघालो होतो.

आता प्रत्यक्ष पारख. आम्ही तीन मशीनं पाहिली.

पहिलं तेच चाळीसचं. नको म्हटलं तरी भाच्याच्या समाधानासाठी गेलो. मालक हसतमुख. म्हणाला, "या, चालूच करून दाखवतो." चाचांनी आधी मशीनच्या डोक्याला हात लावला. गरम होतं. आम्ही येण्याआधीच त्यानं ते चालवून ठेवलं होतं. गरम मशीन कुणाच्याही हातानं सुरू होतं. खरी परीक्षा पहाटेच्या थंड मशीनची, कारण होडीवाला निघतो तो पहाटेच. चाचा म्हणाले, "आम्ही चहा घेऊन येतो, दोन तासांनी बघू." दोन तासांनी दोरी बावीस वेळा ओढावी लागली. मी मोजत होतो, छंदाची सवय. शिवाय तो ताजा रंग. पाण्यात गंज खाऊ नये म्हणून जस्ताचा एक लहान ठोकळा मशीनला खाली बसवलेला असतो. स्वतः झिजून तो बाकीच्या धातूला वाचवतो. या गृहस्थानं त्या ठोकळ्यावरही रंग फासला होता. रंगवलेलं जस्त काही कामाचं नाही. ज्याला हे कळत नाही त्यानं आतल्या भागांची काय निगा राखली असेल, हे विचारायचीही गरज नव्हती.

दुसरं मशीन चिपळूणच्या बाजूचं, पंधरा घोड्यांचं, किंमत आणखी कमी. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीनं चिपळूण बुडवलं ते आपल्या आठवणीत असेल. त्या दिवसानंतर त्या भागातलं कुठलंही यंत्र घेताना एक प्रश्न विचारावाच लागतो. विकणारा भला माणूस होता, त्यानं लपवलं नाही. म्हणाला, "थोडं भिजलं होतं. पण साफ करून चालवलंय." टू-स्ट्रोक पाण्याखाली गेलं आणि लगेच काढून, धुऊन, सुकवून, तेल देऊन फिरवलं तर वाचतं. तीन-चार दिवस गाळात राहिलं तर आतल्या बेअरिंगवर गंजाचे ठिपके पडतात. मशीन चालतं, चांगलं वर्षभरही चालतं, आणि एक दिवस जागीच जाम होतं. त्या माणसाचं सगळं घरच पाण्यात होतं. मशीनकडे बघायला त्याला सवड कुठली? आम्ही त्याच्याकडे चहा घेतला आणि निघालो. घासाघीस केली नाही. परतताना गाडीत भाचा म्हणाला, "मामू, स्वस्त होतं." चाचांनी खिडकीबाहेर बघत विचारलं, "कोणत्या जागेवर बंद पडलेलं चालेल तुला?"

ही जागा श्रोत्यांना समजावून सांगायला हवी. आमच्या खाडीच्या मुखाशी वाळूचा दांडा आहे. ओहोटीचं पाणी जोरानं बाहेर ओढतं आणि समोरून समुद्राची लाट येते. उधाणाच्या दिवसांत, म्हणजे अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास, हे भांडण फार मोठं होतं. तिथं मशीन बंद पडलं तर होडी आडवी होते, आणि आडव्या होडीला लाट उलटी करते. पूर्वी माझ्या वडिलांच्या वेळेला शिडाच्या होड्या होत्या. वारा पडला की चौघं वल्ह्यावर बसायची. आता होडीत एकटा माणूस, आणि तरण्यांच्या तळहाताला वल्ह्याची ओळखच नाही. पूर्वी चौघांच्या दंडांवर जी भिस्त होती ती आता एका दोरीवर आहे. त्यामुळं आमच्याकडे जुनं मशीन घेताना किती पळतं हा प्रश्न मागं राहतो. तिथून परत आणेल का, एवढंच विचारायचं.

तिसरं मशीन पलीकडच्या गुहागर तालुक्यातल्या एका वृद्ध मच्छीमाराचं. पंधरा घोडे, आखूड दांडा, रंग उडालेला, झाकणाला एका बाजूनं तडा. भाच्याचं तोंड उतरलं. चाचांचं मात्र खुललं. म्हातारा म्हणाला, "हात लावून बघा, काल दुपारपास्नं चालू केलं नाय." थंडगार होतं. चौथ्या दोरीला धरलं.

मग चाचांनी दोन्ही प्लग काढून माझ्या तळहातावर ठेवले. प्लगचं टोक म्हणजे मशीनची जीभ. बदामी-तपकिरी असलं तर प्रकृती ठीक. काळं ओलं असलं तर तेल जास्त किंवा ठिणगी कमजोर. पांढुरकं, भाजल्यासारखं असलं तर मशीन तापतंय. आणि दोन्हींतला एकच प्लग धुतल्यासारखा लख्ख असेल तर त्या सिलिंडरमध्ये पाणी शिरतंय असं समजावं, वाफेनं तो धुतला जातो. म्हाताऱ्याचे दोन्ही प्लग बदामी होते. प्लगच्या जागी दाबाचं घड्याळ लावून दोरी ओढली. दोन्हीकडे काटा शंभराच्या पुढं गेला आणि दोन्हींत फरक जेमतेम चार-पाचाचा. आकड्यापेक्षा दोन्ही सिलिंडर सारखे असणं महत्त्वाचं, दहा टक्क्यांहून जास्त फरक नको. इथं एक पोटनियम आहे. केरळच्या किनाऱ्यावर रॉकेलवर चालणारी मशीनं पुष्कळ वापरली गेली. त्यांचा दाब मुळातच कमी ठेवलेला असतो. तसं मशीन पुढं आलं तर कमी आकडा बघून घाबरू नये. पण रॉकेल कुठून आणणार, हा प्रश्न आधी सोडवावा.

खालच्या गिअरच्या पेटीचा तळाचा स्क्रू सैल करून थोडं तेल बोटावर घेतलं. ते दुधाळ दिसलं तर सीलमधून पाणी शिरलेलं असतं, आणि त्यात चमकणारी कणी दिसली तर दाते झिजताहेत. इथं तेल किंचित दुधाळ होतं. म्हातारा स्वतःहूनच बोलला, "सील गेलाय एक. मी तीनशे रुपये कमी करतो." चाचा म्हणाले, "हजार करा, खोलायची मजुरी धरा." हा भाग मला फार आवडला. दोघंही खरं बोलत होते आणि दोघंही भांडत होते.

शेवटी म्हाताऱ्याच्याच होडीला लावून पाण्यात. पिंपात चालवून दाखवलेल्या मशीनवर विश्वास ठेवू नये. पिंपात त्याला ओझं नसतं. चांगलं तासभर भरतीच्या विरुद्ध चालवलं. मागून पाण्याची बारीक धार अखंड पडत राहायला हवी. तो थंड करणाऱ्या पाण्याचा पुरावा. धार तुटक झाली तर पंपाचं रबर तरी गेलंय किंवा आतल्या वाटा मिठानं धरल्यात. धारेखाली हात धरला, कोमट होती. मग पुढचा गिअर, मागचा गिअर, पुन्हा पुढचा. पूर्ण ताकदीवर गिअर उडी मारून सुटत नाही ना, इंजिन पळतंय आणि पंखा मात्र आपल्या रबरी बुशीवर घसरतोय असं होत नाही ना, हे बघितलं. सगळं ठीक. परत येताना मगरिबची वेळ झाली होती आणि खाडीवर ऊन तांबूस पसरलं होतं. माझं लक्ष तिकडं गेलं, तर चाचा म्हणाले, "कवी, धारेकडं बघा."

कागदाचं राहिलं. मशीनवर क्रमांकाची पट्टी असते. ती खरवडलेली असेल तर मशीन कितीही चांगलं असो, हात जोडून परत फिरावं. किनाऱ्यावर मशीनं चोरीला जातात आणि चोरीचं मशीन म्हणजे कुणाच्या तरी घरचा हंगाम. म्हाताऱ्याकडे मूळ बिल होतं, प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेलं, कुराणशरीफ ठेवतात तितक्या जपणुकीनं कपाटात ठेवलेलं. साध्या कागदावर विक्रीचा मजकूर मी लिहिला. माझ्या मराठीचा त्या दिवशी झालेला तेवढाच उपयोग. क्रमांक, तारीख, रक्कम, दोन साक्षीदार.

टू-स्ट्रोकबद्दल एक अप्रिय गोष्टही सांगायला हवी. या मशीनमध्ये आत गेलेल्या पेट्रोलचा मोठा हिस्सा, काही मापनांत चौथ्या भागापर्यंत, न जळताच बाहेर पाण्यात पडतो. ज्या खाडीत आमच्या बायका तिसऱ्या आणि कालवं काढतात त्याच पाण्यात. हे मला आवडतं असं नाही. चार-पाच जणांनी मिळून हलकं फोर-स्ट्रोक घ्यावं असं मी कट्ट्यावर म्हणून पाहिलं, पण चार-पाच जणांच्या वेळा आणि भरती-ओहोटी जुळत नाहीत. तोवर निदान मिश्रण तरी मोजून करावं. भाच्याच्या मशीनला पन्नासाला एक, म्हणजे लिटरला वीस मिलिलिटर तेल लागतं. काही जुन्या मशीनला याच्या दुप्पट लागतं, ते पुस्तकात किंवा जाणत्याला विचारून ठरवावं. अंदाजानं बाटली उपडी करू नये. जास्त झालं तर प्लग काळे, कमी झालं तर पिस्टन चिकटतो. तेलही बोटीच्या मशीनचंच हवं. मोटरसायकलचं स्वस्त पडतं म्हणून घालणारे आहेत, पण त्यातली राख प्लगवर आणि पिस्टनवर बसते.

आणि आता पेट्रोलच बदललं आहे. २०२५ पर्यंत आपल्या पंपांवरच्या पेट्रोलमध्ये इथेनॉलचं प्रमाण वीस टक्क्यांवर गेलं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि खाडीवरच्या हवेत पाण्याला काय तोटा! पाणी जास्त झालं की ते इथेनॉलला घेऊन टाकीच्या तळाशी वेगळं बसतं. जुन्या मशीनच्या रबरी नळ्या या पेट्रोलसाठी बनलेल्याच नाहीत, त्या फुगतात, मऊ पडतात, चिरतात. म्हणून जुनं मशीन घेतलं की नळ्या आणि पेट्रोलची गाळणी पहिल्याच दिवशी बदलाव्यात. पावसाळ्यात जून-जुलैला मासेमारी बंद असते, तेव्हा टाकीत आणि कार्बोरेटरमध्ये पेट्रोल ठेवून देऊ नये. नळी काढून मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावं आणि मग झाकून ठेवावं.

सौदा त्रेपन्न हजारांना झाला. उरलेल्या सातातून सील, पाण्याच्या पंपाचा किट, नव्या नळ्या, चार प्लग आणि गिअरचं तेल आलं. चाचांनी दोन दिवस अंगणात गोणपाट टाकून मशीन उघडलं आणि भाच्याला प्रत्येक भाग स्वतःच्या हातानं काढून पुन्हा बसवायला लावला. तिसऱ्या दिवशी त्यानं बिस्मिल्ला म्हणून दोरी ओढली. होडीत आता एक डबा आहे. त्यात प्लग, प्लगचा पाना, पक्कड, ओढायची जादा दोरी आणि पॉलिथिनमध्ये गुंडाळलेली काडेपेटी. डब्याच्या शेजारी सागाची दोन वल्ही. ती भाच्याला अडचण वाटत होती. चाचांनी पहिला आठवडाभर मशीन घरी ठेवून त्याला फक्त वल्ह्यांवर खाडी ओलांडायला लावली. रोज संध्याकाळी तो आला की मशीन गोड्या पाण्याच्या पिंपात दहा मिनिटं चालतं, मीठ धुऊन निघतं, आणि आमच्या आळीतली पोरं भोवती जमून त्या धारेखाली हात धरतात.